आवाज करून दाखवा

मुलाणी भाऊंनी कुठल्या बाळाला 'किती गोड' म्हटल्याचं मला आठवत नाही. ते आधी झबलं वर करायचे. आई अजून छत्री मिटतेय, आजी चपला काढतेय, तेवढ्यात भाऊंनी बाळाचं झबलं गळ्यापर्यंत सरकवलेलंही असायचं. मग चष्मा कपाळावर ढकलून छातीकडे बघत राहायचे, तळवा बाळाच्या पाठीला लावायचे आणि विचारायचे, "आवाज आत घेताना येतोय का भाईर टाकताना?"

आई गोंधळायची. श्वासाचं आत-बाहेर कोण लक्षात ठेवतं? "घुरघुर करतंय हो नुसतं," म्हणायची.

"कसं घुरघुर? करून दाखवा."

"मी?"

"मग काय मी करू? दिसरात संगट तुमी असता. करा, लाजू नका. हितं समद्यांची तीच तऱ्हा हाय."

आणि ती बाई, आजूबाजूला बघत, पदर तोंडाशी धरून, घुरघुर करून दाखवायची. भाऊ तिच्या गळ्याकडे टक लावून बघायचे. "पदर काडा. गळा दिसू द्या. मोठ्यानं करा की!" असं म्हणून पुन्हा करायला लावायचे. लहान मुलांच्या दवाखान्यात आयांना घुबडासारखं घुमायला लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझा दवाखाना लोणावळ्याच्या बाजारात, एका जिन्यावर. लोणावळ्यात चार महिने भिंतींनासुद्धा सर्दी असते, तिथे पोरांचं काय सांगायचं. झबली वाळत नाहीत, दुपटी वाळत नाहीत, आणि माझ्या बाहेरच्या बाकावर निम्मी बाळं श्वास घेताना आवाज करतात. कुणी मांजरासारखं गुरगुरतं, कुणाची शिट्टी वाजते, कुणी आत श्वास ओढताना कोंबड्याच्या पिलासारखं चिरकतं. यातले बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात. चोंदलेलं नाक असतं, साचलेला शेंबूड असतो. पण चार-दोन तसे नसतात, आणि ते चार-दोन कोणते हे वेळेवर कळणं, एवढंच खरं माझं काम. आठ-नऊ वर्षं ते काम माझ्या आधी दारातच भाऊ करायचे.

भाऊ मूळचे रेल्वेतले. खंडाळ्याच्या घाटात चावीवाला होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेला टप्पा पायी चालायचा, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी जिथे सैल झाली असेल तिथे ठोकून घट्ट करायची, बोगद्यात गाडी आली की भिंतीतल्या कोनाड्यात अंग चोरून उभं राहायचं. तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर नातीला लस टोचायला घेऊन ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. मी तेव्हा पुण्याहून नवीनच आले होते आणि शिस्तीची मला भारी हौस. नंबराचे पिवळे बिल्ले करून घेतले होते. दुपारी हा सडपातळ, पांढऱ्या दाढीचा म्हातारा सरळ माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"डॉक्टरबाई, त्या कोपऱ्यातल्या लाल शालीतलं आदी घ्या."

"काका, नंबराने येईल ते."

"नंबर चपलांसंगं भाईर सोडायचा असतो," म्हातारा म्हणाला आणि जागचा हलला नाही.

मी उठले ती त्यांना दार दाखवायला. लाल शाल मात्र वाटेत होती. आत चार महिन्यांचं बाळ. श्वासागणिक बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. त्याची आई नंबर बावीस घेऊन मुकाट बसली होती, कारण पुढे एकवीस जण होते. त्या बाळाला मी तिथूनच ऑक्सिजन लावून पुढे पाठवलं. ते वाचलं. पुढच्या सोमवारी मुलाणी भाऊ माझ्या दारातल्या स्टुलावर बसले, आणि पिवळे बिल्ले कुठल्या खणात गेले ते मला अजून सापडलेलं नाही.

बाकावरची करमणूक तेव्हापासून सुरू झाली. सुदुंबऱ्याचा एक तरुण सासुरवाडीला आला होता, कंपनीचा निळा गणवेश अंगातच. मुलगी दोन वर्षांची, आवाज बसलेला. बायको पाणी आणायला खाली गेलेली, तेव्हा आवाज काढायची पाळी त्याच्यावर आली. तो म्हणाला, "भाऊ, खोकती. बाकी काय न्हाई."

"कशी खोकती?"

"खोकती म्हंजी... खोकती."

"करून दाखवा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले आणि भुंकला. अगदी दारातलं कुत्रं भुंकावं तसा. सगळा बाक हसून लोळायचा बाकी राहिला, त्याची मुलगीसुद्धा हसली, आणि हसताना तिने श्वास आत घेतला. भाऊंनी झबलं वर केलं. तिच्या गळ्याच्या खाली, हाडाच्या वर, वाटीएवढी खळी पडली होती. भाऊ एकटेच हसत नव्हते. त्यांनी पोरगी उचलली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. "गळा सुजलाय. आत घेताना." एवढंच म्हणून बाहेर गेले.

वलवणच्या एका आजींशी त्यांची जुंपली होती तीही अशीच. नातू दोन महिन्यांचा. जन्मल्यापासून पंधरवड्याने श्वास आत घेताना चिरका आवाज येऊ लागला, रडला की जास्त, उताणा ठेवला की जास्त. घरात तीन मतं होती. आजोबा म्हणत दृष्ट, आत्या म्हणत बाळंतिणीने दही खाल्लं, आणि आजी दोन्ही म्हणत. भाऊंनी आजींना आवाज करायला लावला. त्यांनी तो इतका हुबेहूब काढला की आतल्या खोलीत मला वाटलं बाळच चिरकलं.

"आत घेताना," भाऊ म्हणाले. "दूध ओढतंय?"

"ओढतंय की."

"निळं पडलं कवा?"

"न्हाई बा."

"मग आता खरं सांगा मावशी. नाकात तेल कोण घालतं?"

"मी घालते. आमच्या समद्या पोरांना घातलंय."

"आन धुरी?"

"न्हाणं झाल्यावर देती. ओवा आन लसणाची सालं."

भाऊंनी स्टूल पुढे ओढलं. "असं करू. तुमच्या दोनी नाकपुड्यांत तेल घालतो आन शेगडीवर तोंड धरून पाच मिनटं बसवतो. मग सांगा मला, कसं वाटतंय."

आजी उसळून म्हणाल्या, "मला कशाला? मला काय झालंय?"

"त्याला तरी कुटं काय झालंय? गळा कवळा हाय त्याचा. दुदी कशी, कवळी असली की दाबली जाती. मोठं झालं की व्हईल घट्ट."

हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेलं होतं, पण दुधीभोपळा त्यांचा स्वतःचा. पुण्याला दुर्बिणीने तपासून घेतलं तेव्हा तेच निघालं. बाळाचं वजन वाढतंय का, दूध पिताना दमतंय का, एवढ्यावर लक्ष ठेवायचं होतं. मी सगळं नीट समजावून सांगितलं, कागदावर लिहून दिलं. आजींनी कागद घडी करून ठेवला आणि ऐकलं भाऊंचं. तेल थांबलं, धुरी थांबली. दीडेक वर्षाने नातवाला कडेवर घेऊन त्या पेढे द्यायला आल्या. पोरगं ठणठणीत आणि श्वास अगदी गप्प. "आता आवाज येत न्हाई तर घर सुनं सुनं वाटतंय," आजी म्हणाल्या. भाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने पोराचा शर्ट वर केला.

अशा गोष्टींमुळे भाऊंच्या कानाची ख्याती पसरली. बाजारात कुणी विचारलं तर लोक सांगत, रेल्वेचा कान आहे तो, रुळातली चीर ऐकायचा, पोराच्या छातीतलं काय लपणार. यात माझाही वाटा होता, हे कबूल करते. पुण्याच्या मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगायची की माझा खरा स्टेथोस्कोप दारात स्टुलावर बसतो. भाऊ असलं काही ऐकलं की दाढी खाजवायचे आणि रजिस्टर उघडायचे. मला वाटायचं, विनय.

कोरोनाच्या काळात मात्र भाऊ चिडचिडे झाले. मी मास्कमधून सांगायची एक, ते करायचे दुसरं. "ड्रेसिंगचं सामान आणा" म्हटलं तर वजनकाटा घेऊन आले. आयांना म्हणायचे, तोंडावरचं काढा. मी म्हणायची, काढू नका. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, लक्ष कुठे असतं तुमचं?" ते रजिस्टर उघडून बसले. वय झालं, असं मी ठरवून टाकलं. डॉक्टर असून मला त्यापुढचा विचार सुचला नाही.

मग ती चिक्कीची गोष्ट झाली.

लोणावळ्यात चिक्की खायची ती पाहुण्यांनी. गावातल्या लेकरांच्या वाट्याला येतो चुरा. चिक्की कापणाऱ्या बायका संध्याकाळी पुडीत चुरा घरी नेतात, पोर रडलं की मुठीत चिमूटभर देतात. दाढा नसलेल्या पोराच्या तोंडात शेंगदाण्याचा तुकडा म्हणजे काय, हे मी आणि भाऊ रोज घसा कोरडा करून सांगायचो. याचा परिणाम असा झाला होता की बाया चुरा देणं थांबवत नव्हत्या, आम्हाला सांगणं थांबवत होत्या.

सुनीता अशीच एक. मुलगा दीड वर्षाचा, नाव आर्यन. चार दिवसांपूर्वी खाताना ठसका लागला, काळानिळा झाला, मग आपोआप बरा झाला. त्यानंतर शिट्टी वाजायला लागली. तिने कुठूनतरी खोकल्याचं औषध आणून पाजलं. त्या दिवशी ती आली तेव्हा बाक गच्च भरला होता. आत माझ्याकडे वाफेचं मशीन घरघरत होतं, दार लावलेलं. भाऊ पाठमोरे बसून रजिस्टरात नावं लिहीत होते. सुनीता मागून आली आणि टोकाला टेकली.

अर्धा तास त्या पोराची शिट्टी वाजत होती. सगळ्या बाकाने ती ऐकली. पण भाऊंना कुणी सांगितलं नाही. कशाला सांगतील? एवढा कान असलेला माणूस चार हातांवर बसलाय, त्याने ऐकलीच असणार. त्याने ऐकून पोराला बसवून ठेवलंय, म्हणजे काळजीचं कारण नसणार. सुनीतानेही मनाची तीच समजूत घातली. मग शिट्टी थांबली. ती शेजारणीला म्हणाली, "झोपलं बाई एकदाचं."

भाऊंनी रजिस्टर मिटलं आणि वळले. आर्यनचा शर्ट त्यांनी वर केला. पोट उडत होतं, बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि छातीची उजवी बाजू हलतच नव्हती. दार लाथेने उघडून ते आत आले. पोर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चुरा. चुरा खाल्लाय यानं." मागून सुनीता रडत म्हणत होती, व्हय, व्हय, दिला व्हता.

ऑक्सिजन लावून, ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः बसून त्याला पुण्याला नेलं. पूर्ण रस्ताभर त्याच्या नखांचा रंग बघत होते. तिथे दुर्बिणीने अर्धा शेंगदाणा काढला. तिसऱ्या दिवशी पोर घरी आलं.

शेंगदाणा निघाला त्या रात्री मी परत आले तेव्हा दवाखान्यात भाऊ एकटेच होते. आपल्या स्टुलावर नव्हते, बाकावर बसले होते, जिथे सुनीता बसली होती तिथे. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवलेला.

"वाचला भाऊ," मी म्हटलं. "तुमच्यामुळे वाचला."

"माज्यामुळं मरत व्हता."

मी समोर बसले. ते माझ्या ओठांकडे बघत होते. नेहमीच बघायचे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

"मला ऐकू येत न्हाई, डॉक्टरबाई. बारीक आवाज न्हाईच येत. शिट्टी, घुरघुर, कुकर, काय बी न्हाई. बोगद्यातच गेलाय कान. हितं आल्यापासून एका बी लेकराचा श्वास मी ऐकलेला न्हाई."

सात वर्षं. मी मनात लाल शाल आणली, सुदुंबऱ्याची मुलगी आणली, वलवणच्या आजी आणल्या. ते झबलं वर करणं, पाठीला तळवा, पदर काढा, गळा दिसू द्या, मोठ्यानं करा. मी ज्याला विक्षिप्तपणा समजून हसत होते ते सगळं या माणसाचं ऐकणं होतं.

तरी मला राग आला. खोटं का सांगू? "मग सांगायचं नाही का भाऊ?" मी ओरडलेच.

"सांगितलं असतं तर बसवलं असतं का दारात?"

भाऊ उठले, सावकाश जिना उतरून गेले.

तीन दिवस मी दारात एका मुलीला बसवून पाहिलं. तिचे कान उत्तम होते. तिने नंबराने पोरं आत पाठवली. चौथ्या दिवशी दुपारी मी गाडी काढून खंडाळ्याला गेले. भाऊ अंगणात नातीच्या सायकलची साखळी बसवत होते. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, पुन्हा तसंच व्हईल. मी म्हटलं, कानाला मशीन लावू. मशीनही लावून पाहिलं पुढे, पण त्यांना ते झेपलं नाही. "समदी पोरं एकदम रडत्यात त्यात," म्हणून ते खिशात ठेवायचे.

यायला तयार झाले ते एका अटीवर. पाटी लावायची. ती त्यांनी स्वतः लिहिली, पुठ्ठ्यावर, निळ्या पेनाने, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि स्टुलाच्या वर चिकटवली.

'मुलाणी भाऊंना ऐकू येत नाही. बाळ आवाज करत असेल तर त्यांना आवाज करून दाखवा. आवाज बंद झाला तर लगेच सांगा.'

ज्या कानाची गावभर ख्याती, त्याच्या मालकाने भर बाजारात हे लिहून लावलं. मला वाटलं, आता लोक कुजबुजतील. थोडे कुजबुजलेही. पण त्या पाटीनंतर बाकाची रीतच बदलली. आता आया आपल्याच नव्हे, शेजारणीच्या बाळाचाही आवाज काढून दाखवायला लागल्या. "भाऊ, हिचं बघा असं करतंय," म्हणत कुणी शिट्टी वाजवायचं, कुणी गुरगुरायचं. पाच-सहा बायका, एखादा बाप, सगळे मिळून भाऊंचा कान झाले होते. सुनीता आर्यनला घेऊन मुद्दाम यायची आणि चुऱ्याची गोष्ट नव्या आयांना स्वतःच्या तोंडाने सांगायची.

भाऊ त्यानंतर दोन वर्षं स्टुलावर होते. मग हृदयाने दगा दिला. दोनदा दवाखान्यात राहून आले आणि म्हणाले, आता घरीच बरं. ते जाण्याच्या आठवडाभर आधी मी खंडाळ्याला गेले होते. सकाळची वेळ. सून चहा टाकायला गेली. भाऊ खाटेवर उशांना टेकून बसले होते, आणि त्यांचा श्वास मला अंगणातच ऐकू आला होता.

मी 'कसे आहात' म्हटलंच नाही. जवळ गेले आणि त्यांचं बनियन वर केलं. माझं मलाच कळलं नाही. भाऊंना मात्र कळलं, आणि ते हसले. हसताना दमले.

"आवाज येतोय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"कसा? करून दाखवा."

"भाऊ..."

"मला कुटं ऐकू येतोय माजा? करा. आत घेताना का भाईर टाकताना?"

मी खाटेच्या कडेवर टेकले आणि करून दाखवला. जरा कमीच करून दाखवला. हलकी घरघर, बाहेर टाकताना थोडी शिट्टी, एखाद्या साध्या सर्दीत येते तेवढी. भाऊ नेहमीसारखे माझ्या गळ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे करून माझी ओढणी बाजूला सारली.

"खळी पडली न्हाई," ते म्हणाले. "मोठ्यानं करा की. लाजताय व्हय?"

मग मी केला, जसा होता तसा. आत घेताना, बाहेर टाकताना, बरगड्या ओढून, गळ्यात खळी पाडून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी करत होते. सून चहा घेऊन दारातच थांबली. भाऊंनी शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिलं, आणि पटल्यासारखी मान डोलवली.

"दोनी बाजूंनी हाय," ते म्हणाले. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "जावा डॉक्टरबाई. बाक भरला असंल. बारक्यांना आदी घ्या."